झोप नाही, तरी थकवा नाही : ही खूण ओळखा

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



हप्ते, व्याज, रजिस्टर यांचं बोलून झालं. आता दहा मिनिटं मनाच्या एका आजाराबद्दल बोलते. वयानं मी तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीएवढी आहे. पण माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून सांगते.

आपल्या एका गटातल्या ताईची ही गोष्ट. तिला विचारूनच सांगतेय. नाव-गाव सांगणार नाही. एरवी ती कमी बोलणारी. एका बैठकीला आली ती बोलतच आली. मसाल्याचा धंदा, शेवया, शेळीपालन, सगळं याच महिन्यात सुरू करायचं! मध्ये कुणी बोललं की चिडायची. रात्री दोन वाजता मला फोन यायचा. "मॅडम, झोप येतच नाही, आणि गरजही वाटत नाही," असं हसत सांगायची.

मी काय केलं? सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं, टाळ्या वाजवायला लावल्या. म्हटलं, जिद्द असावी तर अशी!

दोन आठवड्यांत तिनं बाहेरून व्याजानं पैसे उचलले, सगळ्यांना साड्या वाटल्या, मंगळसूत्र गहाण टाकलं. घरचे म्हणाले, बाहेरची बाधा झाली. मग देवऋषी, उतारे, अंगारे. दवाखान्यात नेईपर्यंत महिना गेला. समाजकार्य शिकलेली मी, पण पुस्तकात वाचलेलं समोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

या आजाराचं नाव बायपोलर, म्हणजे दोन टोकांचा आजार. एका टोकाला खोल उदासी, दुसऱ्या टोकाला उन्माद. त्याला डॉक्टर मेनिया म्हणतात. उदासी आपल्याला कळते, कारण बाई रडते, निजून राहते. उन्माद कळत नाही, कारण सुरुवातीला बाई आनंदी आणि कामसू दिसते.

खुणा लक्षात ठेवा :

१. दोन-तीन तासच झोप, तरी थकवा नाही.
२. भरभर, न थांबता बोलणं. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी.
३. "मला काहीही जमतं, माझ्यात खास शक्ती आहे," असं वाटणं.
४. पैसे उधळणं, कर्ज काढणं, वस्तू वाटणं.
५. अतोनात आनंद, नाहीतर कारण नसताना भांडण.
६. पुढचा विचार न करता धोक्याचं वागणं.

आता तुम्ही म्हणाल, सुगीत आम्हीही चारच तास झोपतो. खरंय! पण तेव्हा आपलं अंग मोडून येतं, कधी एकदा पाठ टेकतो असं होतं. उन्मादात तसं होत नाही. हाच फरक.

एखादी खूण दिसली म्हणून कुणावर शिक्का मारू नका. पण मूळ स्वभावाला सोडून वागणं, बऱ्याच खुणा एकत्र आणि आठवडाभर रोज, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. कानात आवाज येत असतील, जिवाला धोका असेल, तर आठवडाही थांबू नका. आणि बाळंतिणीला पहिल्या काही दिवसांत असं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाळाजवळ तिला एकटं सोडू नका.

गटानं काय करायचं? वाद घालू नका, हसू नका. शांतपणे बोला. तिची मोठी कर्जमागणी पुढच्या बैठकीवर ढकला. घरातल्या विश्वासाच्या माणसाला गाठा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२.

गोळ्यांचंही सांगते. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. लिथियमची गोळी असेल तर सांगितलेल्या वेळी रक्त तपासायचं. उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही. जुलाब-उलट्या लागल्या तर लगेच डॉक्टरांना विचारायचं. दिवस राहिले किंवा मूल हवं असेल, तर तेही आधी सांगायचं. उदासीसाठी गेलात, तरी पूर्वी असा जोश आला होता का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. त्यावर औषध ठरतं.

ती ताई आज गटात आहे. परत आली त्या दिवशी दाराशीच उभी राहिली होती. अध्यक्षताई सरकून बसल्या आणि "ये गं, बस," एवढंच म्हणाल्या. कर्ज अजून फिटायचंय, हप्ता चालू आहे. तिनं गटातल्या दोघींना सांगून ठेवलंय, "माझी दोन रात्री झोप उडाली असं कळलं, तर मी नाही म्हटलं तरी मला दवाखान्यात न्या."

ताईंनो, बैठकीत आपण एकमेकींना हप्ता आणला का विचारतो. त्यासोबत एवढंही विचारत जाऊ, "झोप लागते का गं नीट?"