इतिहासाची मुलाखत : तयारी तंजावरातच

(गणेशोत्सवात विद्यार्थ्यांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी अनेक वर्षे कॉलेजात इतिहास शिकवला. “इतिहास घेऊन पुढे काय करणार?” हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो, हे मला ठाऊक आहे. तरीही आपल्यातली काही मुले हा रस्ता धरतात. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी जी मुलाखत होते, तिची तयारी कशी करावी, एवढेच आज त्यांच्यासाठी बोलतो.

आधी नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये ठरवल्याप्रमाणे नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला प्रवेश देताना ७० टक्के वजन नेटला आणि ३० टक्के मुलाखतीला असते. ज्यांना जेआरएफ मिळते, त्यांची निवड तर मुलाखतीवरच होते. म्हणजे थोड्या मिनिटांच्या बोलण्यावर पुष्कळ काही ठरते.

मुले सनावळ्या पाठ करून जातात. पण सनावळ्यांची परीक्षा नेटमध्येच झालेली असते. मुलाखत घेणाऱ्यांना एकच पाहायचे असते, तुम्ही जे सांगता ते कशावरून सांगता?

याची तालीम करायला दिल्ली-हैदराबाद गाठायला नको. आपल्या मोठ्या देवळात जा. प्राकाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. पाहुणे आले की आपण तो अभिमानाने दाखवतो, आणि दाखवावाच. पण मुलाखतीला जाणाऱ्याने तिथे वही घेऊन उभे राहावे आणि स्वतःला विचारावे, हा लेख कोणी कोरवला? कधी? कोणासाठी? सरफोजी राजांनी १८०३ मध्ये. सरफोजी तुळजाराजांचे दत्तक पुत्र. त्यांचा हक्क डावलून आधी अमरसिंह गादीवर बसले होते. सरफोजींना गादी मिळाली १७९८ मध्ये, आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. किल्ला आणि त्याच्या आसपासचा मुलूख तेवढा त्यांच्याकडे राहिला. ज्याचा हक्क वादात होता आणि ज्याची सत्ता गेली होती, त्या राजाने चार वर्षांनी आपली वंशावळ दगडात कोरवली! आता तो लेख नुसती माहिती राहत नाही, त्याच्यातून प्रश्न निघतो. असा प्रश्न घेऊन जो आत जातो, त्याचे म्हणणे समोरचे लक्ष देऊन ऐकतात.

त्याच देवळाच्या भिंतींवर राजराज चोळाचे सुमारे १०१० सालचे तामिळ लेख आहेत. देवळाच्या सेवेत आणलेल्या चारशे स्त्रियांची आणि त्यांना दिलेल्या घरांची यादी त्यांत आहे. एक राजा देणग्यांचा हिशेब कोरतो, आठशे वर्षांनी दुसरा आपले घराणे कोरतो. असे का, याचा विचार करा. आणि तामिळ तर तुमच्या तोंडातच आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याला ती शिकावी लागेल.

आता थोडे कडू बोलतो. सांबाराला संभाजी महाराजांचे नाव मिळाले, ही कथा आपल्या पंगतीत हमखास निघते. मुलाखतीत ती सांगितलीत आणि कोणी समकालीन कागद मागितला, तर गाडी तिथेच अडेल. त्यापेक्षा सरफोजींच्या मुदपाकखान्याची आठवण देणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालाने छापले आहे, त्याच्यावर बोला. कथा मनोरंजक असते, पण पोथी हा पुरावा असतो. पूर्वजांविषयी प्रेम असावे. मात्र त्यांनी लिहिलेले तपासून पाहिले, तर त्यांचा अपमान होत नाही.

तयारीच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, आपल्या संशोधन आराखड्यातल्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘कशावरून?’ असे लिहा. उत्तर नसेल ते वाक्य काढून टाका. दुसरी, एकाच विषयावरची दोन वेगळ्या काळांतली पुस्तके वाचा. के. आर. सुब्रमणियन यांचे तंजावरच्या मराठी राजांवरचे इंग्रजी पुस्तक १९२८ चे, तर सावित्री प्रीता नायर यांचे सरफोजी आणि विज्ञान-वैद्यक यांवरचे २०१२ चे. दोघांनी वेगळे प्रश्न का विचारले, ते सांगता आले पाहिजे. तिसरी, ठाऊक नसेल तर “माहीत नाही, पण हे अमुक दप्तरात शोधता येईल” असे सरळ सांगा. थाप लगेच कळते. चौथी, घरातल्या कोणाला तरी समोर बसवून आपला विषय पाच मिनिटांत समजावून सांगा. आजीला कळला, तर प्राध्यापकांनाही कळेल.

आणि मोडी शिका. सरस्वती महालात आणि तमिळ विद्यापीठात मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. दरबाराचा खर्च, नेमणुका, अर्ज, देवळांचे व्यवहार असे रोजचे जगणे त्यांत आहे. मोडी वाचणारे फार थोडे उरले आहेत. मराठी घरात बोलणारा, तामिळ बाहेर बोलणारा आणि मोडी वाचणारा उमेदवार कोणत्याही विद्यापीठाला हवासाच वाटेल.

पालकांना एक विनंती. १८५५ मध्ये शेवटचे राजे शिवाजी वारले, पुरुष वारस नव्हता, आणि कंपनीने राज्य खालसा केले. गादी गेली, पण कागद राहिले. ते आपल्या मुलांनी वाचले नाहीत, तर दुसरे कोणी वाचील किंवा कोणीच वाचणार नाही. तेव्हा घरातल्या एखाद्या मुलीने वा मुलाने इतिहासाचे नाव काढले, तर तिला किंवा त्याला अडवू नका. आधी एवढेच विचारा, “तुझा प्रश्न काय?” मुलाखतीची पहिली तालीम तिथेच होईल.

 मुलाखतीला जाणाऱ्या सर्वांना विघ्नहर्ता यश देवो.

गणपती बाप्पा मोरया!