मूर्ती कान्नोनची, प्रार्थना मेरीला

जुना जपान म्हटलं की सामुराई आणि तलवारीच आठवतात ना? आज शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या घरात डोकावूया.

१५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरला. हो, तोच, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे. सोबत आंजिरो नावाचा जपानी माणूस, गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला. पुढे क्युशू बेटावर गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. आणि १६१४ मध्ये तोकुगावा सरकारने देशभर बंदी घातली. पाद्री हाकलले, चर्च पाडली, प्रत्येक कुटुंबाचं नाव बौद्ध मंदिरात नोंदवायला लावलं.

पण मनातलं कसं तपासणार? त्यासाठी नागासाकीत निघाली 'फुमी-ए'. येशू किंवा मेरीची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर पाय द्यायचा. दरवर्षी. तान्ह्या बाळांचेसुद्धा पाय टेकवत.

बरेच जण पाय द्यायचे, मग घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे. त्यांना भित्रे म्हणणं मला तरी जमत नाही. कारण पाच-पाच घरांचे गट केलेले असत. एक सापडला की शेजारीही अडकायचे.

घरात क्रूस ठेवायची सोय नाही. मग चीनमधून येणारी पांढऱ्याशुभ्र चिनीमातीची कान्नोनची मूर्ती कामी आली, मांडीवर मूल घेतलेली. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी! चीन-जपानकडे जाता जाता त्याची देवी झाली. अधिकाऱ्याला दिसायची बौद्ध देवता, घरच्यांना मेरी. आज अशा मूर्तींना 'मारिया कान्नोन' म्हणतात.

पाद्री नसल्यामुळे बाप्तिस्मा गावातलाच माणूस द्यायचा. प्रार्थना तोंडपाठ असायच्या. त्यांना म्हणत 'ओराशो', मूळ लॅटिन 'ओरातिओ'. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्यातले कितीतरी शब्द म्हणणाऱ्यालाच कळेनासे झाले, तरी म्हणणं थांबलं नाही.

१८६५ मध्ये नागासाकीला परदेशी लोकांसाठी ओउरा चर्च उघडलं. उराकामी गावचे काही जण आत आले आणि फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना हळूच म्हणाले, आमचं मनही तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, मेरीची मूर्ती कुठंय?

गंमत नव्हती बरं का, बंदी अजून चालूच होती. उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना हद्दपार केलं गेलं. १८७३ मध्ये बंदी उठली, तेव्हा पुष्कळ जण चर्चमध्ये परतले. काही कुटुंबं मात्र गेलीच नाहीत. त्यांनी वाडवडिलांचा ओराशोच घरी चालू ठेवला.