रिमाइंड मी लेटर

(मंडळाच्या जुलै 2025 मधील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्षांनी माझी ओळख संगणकतज्ज्ञ म्हणून करून दिली, ते काही खरं नाही. मी राज्य सरकारच्या नोकरीतला डिप्लोमावाला माणूस. ऑफिसात प्रिंटर अडकला की मला हाक मारतात, एवढंच. आज उभा राहिलो तो माझ्याच एका चुकीबद्दल सांगायला.

आमचं घराणं निजामाच्या काळात इकडे आलं. त्या वेळची मोडी पत्रं आमचे मोठे काका निवृत्तीनंतर वाचून देवनागरीत टाइप करायचे. रोज एखाद-दुसरं पान, असं सहा वर्षं. लॅपटॉप विंडोज सेव्हनचा आणि नेट डोंगलचं. "अरे, हे अपडेट माझा सगळा डेटा खातं," अशी त्यांची तक्रार. मी मोठ्या ऐटीत अपडेट बंद करून दिलं. 2017 च्या मे महिन्यात एका सकाळी त्यांचा फोन आला : "फायली उघडत नाहीत, आणि कोणीतरी इंग्रजीत पैसे मागतंय."

त्याच सुमारास, 12 मे रोजी, वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला होता. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांतून रुग्ण परत पाठवावे लागले. शेजारी आंध्रात पोलिसांचे संगणक अडकले. आणि ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलं होतं. दोन महिने आधी! काकांकडे शिरला तो हाच की दुसरा, हे मला ठरवता आलं नाही. पण दाराची कडी मी काढून ठेवली होती, हे नक्की.

पुढे 27 जूनला नोटपेट्या आला. त्यानंही तीच फट वापरली आणि न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कोणी म्हणेल, तो तर युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच सुटला होता. बरोबर आहे. म्हणूनच अपडेट केलं तरी फायलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि तो काढून कपाटात ठेवायचा. लॅपटॉपलाच लावून ठेवला तर तोही बाधतो.

आता तुमच्या घरी या. मुलगा अमेरिकेला जाताना जुना लॅपटॉप आई-बाबांना देऊन गेला, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. त्यात बहुधा विंडोज टेन असेल. येत्या 14 ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, त्याचा आधार संपतोय. लॅपटॉप बंद पडणार नाही, घाबरू नका. फक्त नवी फट सापडली की ती बुजवायला कोणी येणार नाही. विंडोज इलेव्हन चालत असेल तर फुकट मिळतं, पण साधारण 2018 च्या आधीच्या लॅपटॉपवर ते बसत नाही. अशांनी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नोंदणी करावी. 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदत वाढून मिळते. नोंदणीसाठी मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतं.

आणखी एक. खरं अपडेट त्या सेटिंग्जमध्येच येतं. ते फोन करत नाही, "या नंबरवर बोला" म्हणत नाही, ओटीपी तर मागतच नाही. तशी खिडकी उघडली तर नंबर फिरवू नका, लॅपटॉप सरळ बंद करा. पैसे गेलेच तर लगेच 1930. लाज वाटून दोन दिवस घालवू नका.

काकांची मूळ पत्रं ट्रंकेत सुखरूप होती. त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. पण डोळे साथ देईनात, अर्ध्यावर काम थांबलं. ती ट्रंक आता माझ्याकडे आहे आणि मला मोडी येत नाही. आपल्यापैकी कोणाला वाचता येत असेल तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा. टाइप मी करीन.