दारातला जीव घरात रुळतो कसा?

या वेळेला आपण रेडिओ लावता तो पेरणीची माहिती, कापसावरची कीड, मुलांचा अभ्यास असं काही कानावर पडेल म्हणून. मी मात्र आज एका कुत्रीविषयी बोलणार आहे. कुत्रीही केवढी, तर माझ्या गुडघ्याला जेमतेम लागेल एवढी. 'मास्तरांना दुसरा विषय सापडला नाही वाटतं,' असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. पण या एवढ्याशा जिवानं मला जे शिकवलं, ते वीस वर्षं वर्गात उभं राहूनही मला पुरतं कळलं नव्हतं. म्हणून ते आपल्याला सांगावंसं वाटतं.

कुत्रा काही आपल्याला नवा नाही. दत्ताच्या पायाशी कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. नामदेवरायांची गोष्ट तर आपल्या घरचीच. त्यांचं नर्सी हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ सालापर्यंत ते आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, 'कोरडी खाऊ नकोस रे' म्हणत. आणखी मागं जायचं, तर गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी दायमाबाद म्हणून ठिकाण आहे. तिथं १९७४ साली धातूचा एक प्राचीन रथ सापडला. दोन बैल, हाकणारा माणूस, आणि रथाच्या दांडीवर उभा असलेला एक कुत्रा! म्हणजे गाडीबरोबर कुत्रा निघायचाच, ही आपली फार जुनी रीत आहे.

पण कधी कधी गाडी निघून जाते आणि कुत्रं मागं राहतं. माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

दिवाळी झाली की गंगाखेड, पालम, सोनपेठ या बाजूच्या वाड्यातांड्यांवरची माणसं ऊसतोडीला निघतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता. भांडीकुंडी, चूलबोळकं, लेकरंबाळं असं सारं ट्रकमध्ये चढतं आणि घराला कुलूप लागतं. पाच-सहा महिने तांडा ओस. गेल्या कार्तिकात माझा एक विद्यार्थी शालीत काहीतरी गुंडाळून माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "सर, आमच्या तांड्यावरची कुत्री आहे. घरचे कारखान्याला गेले. तीन आठवडे झाले, कुलपासमोरून उठेना. मोठी कुत्री तिला तुकडा खाऊ देत नाहीत. मरंल सर ती."

ठेवून घेतली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था, कानात गोचिड्या, अंगाला माती. लेकींनी तिचं नाव ठेवलं चिंगी.

पहिलं काम केलं ते डॉक्टरांना दाखवायचं. श्रोते हो, हे कुणीही चुकवू नये. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने काही फक्त गायी-म्हशींसाठी नसतात. जंताचं औषध, गोचिडीवर उपाय आणि पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची लस, ही तिन्ही कामं आधी करावीत. ही लस पुढंही डॉक्टर सांगतील तेव्हा न चुकता टोचून घ्यावी. आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. कुठलंही कुत्रं चावलं, ओरखडलं, तर मिरची, हळद, चुना काही लावत बसू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस हाती लागत नाही असंच समजावं. लस वेळेवर घेतली तर मात्र वाचतो.

आता खरी गंमत पुढं आहे. चार दिवसांत चिंगी तरतरीत झाली आणि घराचा ताबाच घेऊन बसली म्हणा ना! मी उठलो की उठायची, बसलो की बसायची. न्हाणीघराच्या दाराशीसुद्धा पहारा. मी पुस्तक उघडलं की गुडघ्यावर पंजा. पंजाकडे दुर्लक्ष केलं की भुंकणं. भुंकण्याकडे दुर्लक्ष केलं की चप्पल तोंडात धरून अंगणात पळणं. आणि मी कॉलेजला निघालो, की जे रडणं सुरू व्हायचं ते शेजारच्या तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जायचं. शेजारी आधी हसले, मग कुरकुरले, मग एका रविवारी दोघं-तिघं मिळूनच आले. "सर, आमच्याकडे आजारी माणूस आहे. काहीतरी करा," म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

आम्ही काय केलं? सुरुवातीला दया. ती कुईं करताच पोळीचा तुकडा, डोक्यावर हात. मग कंटाळा. मग ओरडणं. आणि एक दिवस, सांगायला लाज वाटते, मी वर्तमानपत्राची घडी करून तिला दोन फटके दिले. त्या दिवसापासून मी हात वर केला, नुसता खुंटीवरचा सदरा घ्यायला जरी केला, तरी ती जागच्या जागी मुतायची. रडणं थांबलं नाही ते नाहीच. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं' ही म्हण मला आठवली, आणि तिला परत सोडून यावं असं मी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं.

माझ्या आईला कुत्रं घरात मुळीच आवडत नाही. पण थांबवलं तिनंच. ओसरीवर ज्वारी निवडत ती म्हणाली, "अरे, तू नुसता उठलास तर ती तुझ्यामागं येते. पण पिशवी उचललीस की थरथर कापते, पाहिलंस का कधी? तिनं एकदा सामान उचललेलं पाहिलंय. तिला वाटतं, तांडा निघाला."

श्रोते हो, माझ्या पिशवीकडे मी त्या नजरेनं कधी पाहिलंच नव्हतं. पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं नाव शिक्षकांना परिचित असेल. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. अन्नाआधी ठरावीक खूण वारंवार मिळाली, तर पुढं नुसत्या खुणेनंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे त्यांनी दाखवून दिलं. भीतीचंही तसंच आहे. कॉलेजची पिशवी ही चिंगीच्या लेखी आपण टाकले जाणार याची खूण होती. मग तिचं ते पायात पायात येणं, चप्पल पळवणं म्हणजे लाडावलेपण नव्हे. 'मी आहे ना तुमच्या ध्यानात?' एवढा एकच प्रश्न ती दिवसभर विचारत होती. आणि आमचं उत्तर दर वेळेला वेगळं असायचं.

दुसरी चूक अशी, की ती भुंकली की आम्ही कधी तुकडा द्यायचो, कधी ओरडायचो, कधी काहीच करायचो नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवलं आहे, की जे बक्षीस अधूनमधून, अवचित मिळतं, त्याची सवय सुटता सुटत नाही. लॉटरीचं तिकीट घेणाऱ्याचं होतं तसंच. आणि एकट्या पडलेल्या जिवाला ओरडणं हेसुद्धा लक्षच वाटतं. शिवी दिली, पण बघितलं तर खरं!

तेव्हा आम्ही घरात बसून नियम ठरवले. ते साधे आहेत, खर्चाचे नाहीत, म्हणून सांगतो.

पहिला नियम, हक्काची जागा. ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाटाची चौपदरी घडी, शेजारी पाण्याचं भांडं. ती तिथं असली की तिला कुणी उचलायचं नाही, मुलांनी गळ्यात पडायचं नाही, खाताना हात लावायचा नाही.

दुसरा, वेळ. सकाळी फिरणं, दोन वेळा खाणं, संध्याकाळी खेळणं, हे रोज त्याच वेळेला. खाण्याचं म्हणाल तर भाकरीबरोबर थोडं वरण, एखादं उकडलेलं अंडं. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट ही त्यांना विषासारखी. शिजलेली हाडंही देऊ नयेत, त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. लक्ष मागायच्या आधी द्यावं, मागितल्यावर नव्हे. ती शांत पडलेली दिसली की आपण होऊन हाक मारायची, पाठीवरून हात फिरवायचा. भुंकून मागू लागली की तोंड फिरवायचं. बोलायचं नाही, बघायचंही नाही. चारी पाय जमिनीवर टेकून गप्प झाली की लगेच जवळ घ्यायचं. हे घरातल्या सगळ्यांनी सारखं करायला हवं. आजीनं एक आणि नातीनं दुसरं केलं तर सगळं मुसळ केरात. आणि बरं का, पहिल्या आठवड्यात भुंकणं कमी होण्याऐवजी वाढतं. जो दरवाजा रोज उघडायचा तो उघडेनासा झाला तर आपणही आधी जोरानंच ठोठावतो ना? तेव्हा त्या आठवड्यात माघार घेऊ नये.

चौथा, जाण्याचा सराव. मी दिवसातून दहादा पिशवी उचलायचो आणि पुन्हा खुर्चीत बसायचो. मग पिशवी घेऊन दारापर्यंत. मग दाराबाहेर जाऊन क्षणात परत. मग एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. जाताना निरोप नाही, आल्यावर सोहळा नाही. शेजाऱ्यांनी मला पिशवी घेऊन आत-बाहेर करताना पाहिलं, तेव्हा त्यांना कुत्रीपेक्षा माझीच काळजी वाटली! खरोखर कॉलेजला जाताना जुन्या फडक्याच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून तिच्यापुढं ठेवायचे. हुंगून हुंगून काढण्यात तिची घटका बरी जायची. सुरुवातीचे दिवस तर आई मुद्दाम तिच्याजवळ बसून राहिली. एकटं सोडण्याची घाई करू नये.

पाचवा नियम, हात उगारायचा नाही. भीतीवर भीतीचं औषध चालत नाही.

कुत्री सांभाळणारी जाणती माणसं म्हणतात, नव्या घरात बुजरेपण जायला तीन दिवस, रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने. हा ठोकताळा आहे, पंचांग नव्हे. आमच्याकडे संक्रांतीला रडणं निम्म्यावर आलं आणि होळीच्या सुमारास थांबलं. एखादं कुत्रं मात्र दार ओरबाडून पंजे रक्तबंबाळ करून घेतं, अन्न टाकतं. तिथं डॉक्टरांचाच सल्ला घ्यावा.

शिक्षक मित्रांनो, आता दोन शब्द आपल्यासाठी. लेकरू आणि कुत्रं एका मापानं मोजायचं नाही, हे मला कळतं. पण ऊसतोडीच्या काळात मागं राहिलेली मुलं हंगामी वसतिगृहात असतात, आजीजवळ असतात, आणि आपल्या वर्गात येतात. त्यांतलं एखादं सारखं 'सर, सर' करतं, वही दाखवायला धावतं, शेजारच्याची पाटी पाडतं. आपण म्हणतो, 'फार आगाऊ आहे.' अशा मुलाला खोडी काढायच्या आधी हाक मारून पाहा. सकाळी हजेरी घेताना त्याच्याकडे बघून एक वाक्य बोला. रोज, न चुकता. मी माझ्या वर्गात हे करून पाहिलं. फार बोलत नाही, पण एवढं सांगतो, की मला माझी जुनी काही रागावणी आता आठवतात आणि वाईट वाटतं.

चैत्रात तांडा परत आला. चिंगी आपली नव्हे, ती त्यांची. म्हणून तिला मोटारसायकलवर पुढं बसवून मी घेऊन गेलो. घराची मालकीण डोक्यावरचं बोचकं उतरवत होती. चिंगीनं जी झेप घेतली ती थेट तिच्या अंगावर. लोळली, कण्हली, तिचं तोंड चाटलं. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. म्हणाल्या, "मुद्दाम नव्हतं टाकलं, सर. मुकादम ट्रकात चढू देईना. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

प्राण्याला उपाशी मरायला सोडून जाणं हा १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. पण त्या अंगणात ते बोलायला माझी जीभ उचलली नाही.

मी म्हटलं, "ठेवून घ्या, तुमचीच आहे." त्या कितीतरी वेळ तिच्या कानामागं खाजवत बसल्या. मग म्हणाल्या, "दिवाळीला पुन्हा जायचंच हाय. तिला दोनदा कशाला रडवायचं? तुमच्याकडंच असू द्या. पर अधूनमधून भेटवा." तसं ठरलं. आता महिन्यातून एकदा आमची तांड्याला फेरी असते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघालो. मनात धाकधूक होती, की कालच्या भेटीनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार. खुंटीवरची पिशवी उचलली. चिंगीनं गोणपाटावरून मान वर करून पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान पुन्हा पंजांवर टेकवून डोळे मिटले.

मी परत येणार, हे तिला आता माहीत होतं.

आपल्याही दारात असा एखादा जीव आला, तर त्याला आधी एवढंच कळू द्या. बाकीचं तो शिकतो.