नवी यंत्रणा, जुने हात

स्पीड पोस्टाचे पाकीट घेऊन आपण खिडकीशी उभे राहतो, तेव्हा आतला कारकून संगणकाच्या पडद्यावर काय शोधतो आहे ते आपल्याला दिसत नाही. रांग थांबली, एवढेच कळते. ऑगस्ट २०२५ मध्ये टपाल खात्याने म्हैसूरच्या आपल्याच केंद्रात तयार केलेली नवी संगणक प्रणाली देशभर लागू केली. त्यासाठी ४ लाख ६० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना शिकवले गेले. आता एवढ्या माणसांना शिकवायचे तरी कसे?

खात्याने साखळीची पद्धत घेतली. आधी मुख्य प्रशिक्षक तयार करायचे, त्यांनी निवडक जाणकारांना शिकवायचे, जाणकारांनी बाकीच्यांना. एवढ्या पसाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य केलेच पाहिजे. पण साखळीत एक खोट असते. पहिल्याला रचनेमागचे कारण समजलेले असते. शेवटच्यापर्यंत ‘इथं दाबा, मग तिथं दाबा’ एवढेच पोचते. सुरळीत चालले तर तेवढ्यावर भागते. पण पैसे घेतले आणि पावती निघायच्या आत जोडणी तुटली तर? पुन्हा नोंद करावी तर हिशेबात दोनदा चढायची भीती. न करावी तर गिऱ्हाईक पावती मागते. अशा वेळी कारण ठाऊक असलेलाच निभावून नेतो.

‘डाक कर्मयोगी’ हे शिकवणीचे संकेतस्थळ खात्याने २०२२ मध्ये सुरू केले. धडा हवा तेव्हा, हवा तितक्यांदा पाहता येतो, ही मोठीच सोय. पण धडा पाहणे वेगळे आणि हात बसणे वेगळे. काठावर बसून पोहायला कोण शिकले आहे?

मला विचाराल तर शेजारच्या टेबलावरचा जाणकार सहकारी सगळ्यांत उपयोगी. अडले की मान वळवून विचारता येते. मात्र त्याला स्वतःची खिडकी सांभाळून हे करायला लावतात, तिथेच घोडे पेंड खाते! पहिले काही दिवस त्याची खिडकी दुसऱ्याकडे द्यायला हवी.

खेड्यातल्या शाखा कार्यालयात तर शेजारचे टेबलच नसते. शाखा डाकपाल पुष्कळदा एकटाच. हातात यंत्र, समोर बचत खात्यातले पैसे काढायला आलेली म्हातारी. यंत्र अडते. पैसे वजा झाले की नाही, सांगता येत नाही. ‘उद्या या’ म्हणावे, तर तिला पुन्हा दोन मैल चालत यायचे. फोन लावावा, तर तिकडची माणसेही अजून शिकतच असतात.

शाखांची तपासणी करीत फिरणारा मेल ओव्हरसियर इथे उपयोगी पडेल, असे मला वाटते. त्याला आधी नीट शिकवावे आणि दर शाखेत तासभर बसू द्यावे. डाकपालाने अडलेल्या व्यवहारांची तारीखवार नोंद वहीत ठेवावी, आणि ओव्हरसियर आला की तपासणीच्या कागदांआधी ती वही उघडावी.