रक्ताची साक्ष आणि निरपराध माणसाचा हक्क

(भाषणाचा मजकूर)

गावात कोठे चोरी झाली, कोठे खून पडला, म्हणजे पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘पुरावा काय?’ असे फार थोडे लोक विचारतात. ‘तो कोणाचा कोण?’ असेच बहुधा विचारले जाते. ज्याचा कोणी वाली नाही त्याच्याकडे बोट दाखविणे सर्वांना सोयीचे असते. बोट दाखविल्यावर कबुली घेणेही अवघड नसते. म्हणून कबुली आणि पुरावा यांतील अंतर ज्या शास्त्रज्ञाच्या कामामुळे जगासमोर स्पष्ट झाले, त्याची हकिकत आज मी आपणांस सांगणार आहे. त्याचे नाव ॲलेक जेफ्रीज.

जेफ्रीज यांचा जन्म 9 जानेवारी 1950 रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना रसायनांचा एक संच आणि एक सूक्ष्मदर्शक यंत्र आणून दिले. त्या मुलाचे पुढील सारे आयुष्य त्या दोन वस्तूंच्या मागोमाग गेले, असे म्हणण्यास हरकत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचे शिक्षण पुरे करून ते ॲमस्टरडॅम येथे गेले आणि 1977 साली लेस्टर विद्यापीठात रुजू झाले. 2012 साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते विद्यापीठ सोडले नाही.

आता डीएनए म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. आपल्या शरीराच्या बहुतेक प्रत्येक पेशीत एक अतिसूक्ष्म धागा गुंडाळून ठेवलेला असतो. शरीर कसे घडावे याचा मजकूर त्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. या मजकुराचा निम्मा भाग आईकडून येतो, निम्मा बापाकडून. सर्व माणसांचा हा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. परंतु त्यात काही जागा अशा असतात की, तेथे अक्षरांचा एक लहानसा तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला आढळतो. कोणाच्या धाग्यावर तो दहा वेळा असेल, कोणाच्या पंधरा वेळा, कोणाच्या तीस वेळा. अशा अनेक जागा एकत्र तपासल्या, तर एका माणसाचा नमुना दुसऱ्या माणसाशी जुळत नाही. एकाच गर्भपेशीपासून झालेली जुळी भावंडे तेवढी याला अपवाद होत.

जेफ्रीज हे गुन्हेगार शोधण्यासाठी प्रयोगशाळेत शिरले नव्हते. स्नायूंत प्राणवायू साठविणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक ते अभ्यासत होते आणि त्यासाठी सील या समुद्री प्राण्याच्या जनुकापासून त्यांनी सुरुवात केली होती. त्या अभ्यासात वर सांगितलेल्या पुनरुक्तीच्या जागा त्यांच्या हाती लागल्या. 10 सप्टेंबर 1984, सोमवार, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांनी अंधारखोलीत एक क्ष-किरणांची फिल्म धुऊन बाहेर काढली. प्रयोगशाळेतील एक साहाय्यिका आणि तिचे आईवडील यांचे नमुने त्या फिल्मवर होते. काही प्राण्यांचेही होते. फिल्मवर काळ्या पट्ट्यांच्या रांगा उमटल्या होत्या. प्रत्येकाची रांग निराळी होती, आणि मुलीच्या रांगेतील पट्ट्या काही आईच्या रांगेत तर उरलेल्या बापाच्या रांगेत सापडत होत्या. माणूस ओळखण्याचे आणि नाते ठरविण्याचे साधन आपल्या हाती आले आहे, हे त्यांच्या तत्काळ ध्यानात आले. 1985 साली हा शोध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या साधनाचा पहिला उपयोग कोणासाठी झाला, हे आपण लक्षात ठेवावे. तो एका परक्या ठरविलेल्या मुलासाठी झाला. 1985 सालची ही गोष्ट. घाना देशातील एक कुटुंब ब्रिटनमध्ये राहत होते. त्यातील एक मुलगा घानामधून परत येत असता अधिकाऱ्यांना त्याच्या पारपत्राचा संशय आला. हा या बाईचा मुलगा नसून तिच्या बहिणीचा असावा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या काळच्या रक्ततपासणीने दोघांचे नाते असल्याचे दिसत होते. परंतु ती आई आहे की मावशी, हे सांगता येत नव्हते. बाप तपासणीसाठी उपलब्ध नव्हता. तेव्हा जेफ्रीज यांनी त्या बाईचे आणि तिच्या इतर तीन मुलांचे नमुने घेतले. त्या तीन मुलांच्या पट्ट्यांतून आईच्या पट्ट्या वजा करून त्यांनी गैरहजर बापाच्या पट्ट्या जुळविल्या, आणि त्यांवरून हा चौथा मुलगाही याच आईबापांचा आहे असे दाखवून दिले. सरकारने आपला आक्षेप मागे घेतला. मुलगा आईजवळ राहिला. ज्या आईचा शब्द कोणी मानीत नव्हते, तिच्या बाजूने तिच्याच रक्ताने साक्ष दिली.

दुसरे प्रकरण याहून गंभीर आहे. लेस्टर शहराजवळच्या गावांत 1983 साली पंधरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. 1986 साली त्याच परिसरात, त्याच वयाच्या दुसऱ्या मुलीच्या बाबतीत तसेच घडले. पोलिसांनी स्वयंपाकघरात हरकाम्याची नोकरी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलास पकडले. चौकशीत त्याने दुसरा खून कबूल केला. पहिला मात्र केला नाही, असे तो सांगत राहिला. दोन्ही खून एकाच माणसाचे आहेत, अशी पोलिसांची खात्री होती. पहिल्या खुनाचा गुन्हा त्याच्यावर शाबीत व्हावा म्हणून ते जेफ्रीज यांच्याकडे गेले. जेफ्रीज यांनी नमुने तपासले. दोन्ही खून एकाच माणसाचे होते, ही पोलिसांची समजूत खरी ठरली. परंतु तो माणूस हा मुलगा नव्हता. त्याने केलेली कबुलीच खोटी होती!

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबा. मुलाने तोंडाने गुन्हा कबूल केला होता. तपासणी झाली नसती तर त्याची सारी तारुण्याची वर्षे तुरुंगात गेली असती. डीएनए तपासणीचा गुन्ह्याच्या कामी प्रथम उपयोग झाला, तेव्हा तिने पहिले काम केले ते निरपराध्यास सोडविण्याचे. गुन्हेगार त्यानंतर सापडला. 1987 साली आसपासच्या गावांतील सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने घेण्यात आले, तरी कोणाचाही नमुना जुळला नाही. खरा गुन्हेगार बेकरीत काम करीत असे. त्याने आपल्या एका सहकाऱ्यास स्वतःच्या नावाने रक्त द्यावयास पाठविले होते. त्या सहकाऱ्याने ही गोष्ट दारूच्या गुत्त्यात बोलून दाखविली, ती एका स्त्रीच्या कानी पडली आणि तिने पोलिसांस कळविली. जानेवारी 1988 मध्ये त्या गुन्हेगारास जन्मठेपेची शिक्षा झाली. यंत्र कितीही अचूक असले, तरी नळीत रक्त कोणाचे आहे हे पाहण्याचे काम माणसांचेच असते, हा धडाही याच प्रकरणाने दिला.

पुढे ही पद्धत सुधारत गेली. अत्यल्प नमुन्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत आली आणि जुन्या हाडांवरही काम करता येऊ लागले. हिटलरच्या छळछावणीत कैद्यांवर क्रूर प्रयोग करणाऱ्या मेंगेले या डॉक्टराची हाडे ब्राझीलमध्ये सापडली होती. ती त्याचीच असल्याचे 1992 साली जेफ्रीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले. 1995 साली ब्रिटनने डीएनए नमुन्यांची जगातील पहिली राष्ट्रीय नोंदवही उघडली. आपल्या देशात लालजी सिंह या शास्त्रज्ञांनी हैदराबाद येथे हे तंत्र स्वतंत्रपणे उभे केले. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील शेतकरी कुटुंबात 1947 साली त्यांचा जन्म झाला होता, आणि त्यांच्या कामाची सुरुवात सापांच्या गुणसूत्रांपासून झाली होती. 2017 साली त्यांचे निधन झाले.

परंतु जेफ्रीज यांचा खरा मोठेपणा मला आणखी एका गोष्टीत दिसतो. ज्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला नाही अशा लोकांचेही नमुने ब्रिटनचे सरकार आपल्या नोंदवहीत ठेवू लागले, तेव्हा त्यांनी त्याला उघड विरोध केला. आपल्याच शोधाचा दुरुपयोग होत असता गप्प बसणे त्यांनी नाकारले. 4 डिसेंबर 2008 रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, निर्दोष माणसांचे नमुने अशा रीतीने ठेवणे हे त्यांच्या खाजगी जीवनाच्या हक्कावर आक्रमण आहे.

हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. 2022 च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने पोलिसांस अटक केलेल्या माणसाचे शारीरिक नमुने घेण्याचा अधिकार दिला असून, त्यांच्या नोंदी पंच्याहत्तर वर्षे ठेवण्याची तरतूद केली आहे. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला तर त्याची नोंद नष्ट करावी, असेही त्या कायद्यात आहे. न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने कारणे देऊन निराळा हुकूम केला तरच ती राहते. हे माहीत असणाराच ती नष्ट झाली की नाही हे विचारू शकेल. ज्यास माहीत नाही, तो काय विचारणार?

म्हणून चार गोष्टी घरोघरी पाठ असाव्यात. पहिली : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येत नाही. 1872 च्या कायद्यात ही तरतूद होती आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरतात. दुसरी : स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणत्याही आरोपीवर करता येत नाही, असे संविधानाचे अनुच्छेद 20 सांगते. मात्र बोटांचे ठसे व हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे अशी साक्ष देणे नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी मुंबई राज्याच्याच एका खटल्यात 1961 साली दिला आहे. तिसरी : अटकेतील स्त्रीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे. चौथी : स्त्रिया, बालके, कोठडीतील माणसे आणि अनुसूचित जाती-जमातींतील लोक यांना 1987 च्या कायद्याप्रमाणे विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तो मागून घेतला पाहिजे.

रक्ताच्या नावाने या देशात हजारो वर्षे माणसांची उच्चनीचता ठरविली गेली. जेफ्रीज यांच्या फिल्मवर रक्तातील मजकूर प्रत्यक्ष उमटला, तेव्हा तेथे कोणाची जात लिहिलेली नव्हती. हा माणूस तो आहे की नाही, हे मूल या आईचे आहे की नाही, एवढेच त्या पट्ट्या सांगतात. न्यायालयात याहून अधिक काही विचारले जाऊ नये, एवढीच आपली मागणी आहे.

आपल्या मुलामुलींच्या हाती पुस्तक द्या आणि जमल्यास एखादे सूक्ष्मदर्शक यंत्रही द्या. जो आपल्या डोळ्यांनी तपासून पाहावयास शिकतो, तो दुसऱ्याने दाखविलेल्या बोटामागे जात नाही.