काचेच्या पोटातली जनावरं



१९५८ साली ब्रुसेल्सला जागतिक प्रदर्शन भरलं. चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात काँक्रीटच्या भिंतीत काचेचे जाडजूड ठोकळे बसवले होते आणि त्यांच्या पोटात होती जनावरं, आदिमानवाच्या गुहाचित्रांवरून सुचलेली. चित्रकार स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि शिल्पकार यारोस्लावा ब्रिख्तोवा यांचं हे काम. पुढे ते पतिपत्नीही झाले.

दोघांची गाठ पडली १९५४मध्ये, झेलेझ्नी ब्रोद या काचकामाच्या गावात. तिथली काचशाळा उभी करणाऱ्यांत यारोस्लावाबाईंचे वडील होते आणि लिबेन्स्की त्याच शाळेचे प्रमुख होऊन आले. त्यांनी चित्र काढायचं, बाईंनी ते मातीत घडवायचं, अशी वाटणी ठरून गेली.

मातीच्या मूर्तीवरून प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, त्यात काचेचे तुकडे भरून तो भट्टीत ठेवायचा. काच मधासारखी संथ वाहत कानाकोपरे भरते. कस लागतो तो पुढे, काच निववताना. बाहेरचा थर आधी आवळतो, गाभा अजून तापलेलाच. ही ओढाताण वाढली की शिल्पाला तडा जातो. म्हणून आच अगदी हळूहळू उतरवायची. मोठ्या शिल्पाला यात आठवडे, कधी महिनेही जातात. मग साचा फोडून घासकाम. काच फुंकायची कला सुमारे दोन हजार वर्षांची. साच्यात काच घडवणं त्याहूनही कितीतरी जुनं.

ब्रुसेल्सच्या ठोकळ्यांतलं जनावर म्हणजे मागच्या बाजूनं ठेवलेला खळगा. काच पातळ तिथं उजेड, जाड तिथं रंग गडद. समोरून बघणाऱ्याला तोच खळगा भरीव अंग वाटतो. स्पेनमधल्या आल्तामिराच्या गुहेत छताच्या नैसर्गिक फुगवट्यांवर रानबैल रंगवलेत. खडकाचा उंचवटा हीच बैलाची पाठ. त्या चित्रकारांकडून या दोघांनी आकारांबरोबर ही नजरही घेतली, असं मला मनापासून वाटतं.

प्रदर्शनाच्या त्या काळात चेकोस्लोव्हाकियातल्या चित्रकला-शिल्पकलेवर सरकारची करडी नजर असे. काच मात्र कारागिरीत मोडायची, त्यामुळे तिला मोकळीक मिळाली. एरवी असले आकार भर प्रदर्शनात, सरकारी दालनात दिसते ना!

१९६३पासून लिबेन्स्कींनी प्राग इथं प्राध्यापक म्हणून दोन तपं शिकवलं, अमेरिकेतही वर्ग घेतले. आज ओतीव काचेत शिल्पं घडवणारे अनेक कलावंत त्यांच्याच शिष्यशाखेतले आहेत.